काळ्या रानात डिटेक्टर सारखा ओरडतो? नवी कॉइल घेण्याआधी हे तपासा

सोलापूर भागात मेटल डिटेक्टर वापरणाऱ्यांची तक्रार फिरून फिरून तीच असते. घरी हातात अंगठी धरून कॉइलसमोर, म्हणजे दांड्याच्या टोकाच्या तबकडीसमोर नेली की मशीन झकास बोलतं. रानात नेलं की मात्र दर दोन पावलांवर ओरडतं आणि खणलं की ढेकळाशिवाय काही निघत नाही. मग प्रश्न येतो, मोठी कॉइल घेऊ का? जास्त फ्रिक्वेन्सीचं, म्हणजे सेकंदाला जास्त वेळा कंप पावणारं क्षेत्र सोडणारं, मशीन घेऊ का?

माझं मत आधीच सांगून टाकतो. आपल्या काळ्या रानात मोठी कॉइल बहुतेक वेळा दुखणं वाढवते. इथे लहान किंवा मध्यम डबल-डी कॉइल (तिची रचना पुढे सांगतो), मधली फ्रिक्वेन्सी आणि हात आखडून ठेवलेली सेन्सिटिव्हिटी, म्हणजे किती क्षीण प्रतिसादावर मशीनने बोलायचं ते ठरवणारं सेटिंग, हे गणित बसतं. पण तेही नंतर. मशीन ओरडण्याची कारणं तीन-चार आहेत आणि प्रत्येकावरचा इलाज वेगळा आहे. कारण न शोधता कॉइल बदलली तर पैसे गेले आणि ओरड तशीच, असं होतं.

कॉइल न हलवता ऐका

रानात उभे राहा, मशीन सुरू करा, कॉइल कमरेइतकी वर धरा आणि अजिबात हलवू नका. तरीही आवाज येत असेल तर त्याचा मातीशी संबंध नाही. हा हवेतून येणारा विजेचा त्रास आहे. कॉइल म्हणजे शेवटी तांब्याच्या तारेची गुंडाळी, ती अँटेनासारखं काम करणारच. कॉइल उभी-आडवी करून किंवा वेगवेगळ्या दिशांना तोंड करून पाहा. दिशा बदलली की आवाज कमी-जास्त होत असेल तर शंकाच नको.

आपल्याकडे याचे उगम ठरलेले आहेत. डोक्यावरून गेलेली ११ केव्हीची लाइन, बांधावरची डीपी, विहिरीवरचा स्टार्टर, सोलर पंपाचा कंट्रोलर आणि तुमच्याच खिशातला मोबाईल. साधारण दर सेकंदाला एक अशी टिक्-टिक् येत असेल तर आसपास कुणीतरी रानडुकरांसाठी झटका मशीन लावलंय असं समजा. ते तारेत ठरावीक अंतराने झटके सोडतं आणि डिटेक्टर ते बरोबर पकडतो. शेजाऱ्याला सांगून तासभर बंद करून घ्या. मोबाईल फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर गाडीत ठेवून या. मशीनमध्ये नॉइज कॅन्सल किंवा फ्रिक्वेन्सी शिफ्टचं बटण असेल तर ते याचसाठी आहे. ते फ्रिक्वेन्सी किंचित सरकवतं आणि त्यातली शांत जागा निवडतं. ज्या मशीनमध्ये ही सोय नाही, त्यात सेन्सिटिव्हिटी खाली आणणं एवढंच हातात राहतं.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे शेतीची लाइट नसताना जाणं. रात्रपाळीची लाइट असलेल्या आठवड्यात दिवसा रानात पंप, स्टार्टर सगळं गप्प असतं. लोडशेडिंगचा फायदा होणारा हा बहुधा एकमेव धंदा असावा. सोलर पंपाचं मात्र उलटं आहे. त्याचा कंट्रोलर ऊन असेपर्यंत चालतो, म्हणून तिथे सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर जा.

दुसरी तपासणी. कॉइल तशीच वर धरून बोटाने हलकी टिचकी मारा, वायर हलवा, जोडणीची पिन किंचित फिरवून बघा. आवाज आला तर दोष कॉइलमध्ये, वायरमध्ये किंवा जोडणीत आहे. वायर दांड्याला घट्ट गुंडाळलेली हवी. कॉइलच्या तोंडाशी सैल लोंबणारी वायर प्रत्येक फेऱ्याला खोटा आवाज देते. आणि इथली खास गोष्ट म्हणजे कॉइलखालचं प्लास्टिकचं कव्हर. काळी माती ओली असताना त्यात शिरते, आत वाळून घट्ट बसते आणि कॉइलबरोबर फिरत राहते. कव्हर काढून धुवा, पुसा, पुन्हा बसवा. "कॉइल खराब झाली" म्हणून आलेल्या मशीनच्या कव्हरमधून मूठभर माती निघालेली मी पाहिलेली आहे.

तिसरी तपासणी. हवेत गप्प आहे, टिचकीला गप्प आहे, पण जमिनीवर फिरवलं की ओरडतं. मग माती बोलतेय. सोलापुरातला खरा त्रास हाच.

माती का बोलते

आपल्या पायाखाली दख्खनचा काळा कातळ आहे, बेसाल्ट. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर. या दगडात मॅग्नेटाइटच्या जातीचे चुंबकीय खनिजकण असतात. दगड झिजून काळी माती आणि मुरूम तयार झाला तेव्हा ते कण त्यात उतरले. खात्री करायची असेल तर जुन्या स्पीकरचं चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि वाळलेल्या मातीतून किंवा ओढ्याच्या वाळूतून फिरवा. पिशवीला काळ्या मिशा फुटतात. चुंबक पिशवीतून बाहेर काढलं की त्या गळून पडतात. जिथे या मिशा दाट, तिथे डिटेक्टर जास्त त्रास देणार. चंद्रभागेच्या पात्रातली काळसर वाळूही याच घरची.

साधा डिटेक्टर, ज्याला व्हीएलएफ म्हणतात, तो सतत चुंबकीय क्षेत्र सोडत असतो आणि परत येणारा प्रतिसाद किती उशिरा आला ते बघतो. त्या उशिरावरून तो लोखंड, सोनं, तांबं यांतला फरक ओळखतो. चुंबकीय मातीचा स्वतःचा प्रतिसाद बऱ्याचदा त्यातल्या अंगठीपेक्षा कितीतरी मोठा असतो. तो बाजूला काढायचा म्हणजेच ग्राउंड बॅलन्स करायचा.

ग्राउंड बॅलन्स असा करा. धातू नाही याची खात्री असलेली जागा शोधा, कारण खाली खिळा असेल तर मशीन त्या खिळ्यालाच माती समजून बसतं. मग कॉइल जमिनीपासून दोन बोटांवर आणा, वीतभर वर न्या, पुन्हा खाली. हे वर-खाली चालू ठेवत बटण दाबा, आवाज सपाट होईपर्यंत. बांधावरून खोल रानात गेलात, मुरमाडातून काळीत उतरलात, ओल बदलली, की पुन्हा करा. सकाळी एकदा करून दिवसभर तेच चालवणारे संध्याकाळी मशीनला शिव्या देतात.

गॅरेट एस २५० किंवा ३०० यांसारख्या मशीनमध्ये ग्राउंड बॅलन्स कारखान्यातूनच ठरवून आलेला असतो, तुम्हाला बदलता येत नाही. ही वाईट मशीन नाहीत, पण काळ्या रानात त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. नवीन घेत असाल तर हाताने किंवा आपोआप ग्राउंड बॅलन्स होतो का हा पहिला प्रश्न विचारा. कॉइलचा आकार नंतर.

बॅलन्स बरोबर असूनही आवाज येतो, कारण इथली जमीन कुठेच सपाट नसते. ज्वारी काढल्यावर रानात धसकटं उभी असतात. कॉइल एका धसकटावर चढते, दोन इंच वर उचलली जाते, पुढे पुन्हा खाली बसते. मशीनला वाटतं माती अचानक बदलली, म्हणून ते बोलतं. नांगरलेल्या रानात ढेकळं हेच करतात. उन्हाळ्यात काळी माती आकसून ज्या भेगा पडतात, त्या आणखी वाईट. भेग म्हणजे मातीत पोकळी, आणि भारी जमिनीत पोकळीसुद्धा मशीनला वस्तूसारखी भासते. असा आवाज ओळखायची खूण म्हणजे तो एकाच दिशेने येतो. त्याच जागेवर नव्वद अंशांत वळून आडवी कॉइल फिरवली की गायब होतो किंवा सरकतो. खरी वस्तू दोन्ही बाजूंनी, त्याच जागी, तशीच बोलते. ही एक सवय लावून घेतली तर निम्मी फुकटची खोदाई वाचते.

जळालेल्या जमिनीचंही लक्षात ठेवा. उसाच्या फडात पाचट पेटवलेलं असलं, जुनी चूल किंवा वीटभट्टी असली, की वरच्या थरातले लोहाचे कण भाजून जास्त चुंबकीय होतात. विटेचा तुकडा आणि खापरी याच कारणाने बोलतात. पांढरीच्या जागी, म्हणजे जुन्या गावठाणात, खापऱ्यांचा खच असतो. तिथे मशीन का वेडं होतं ते यावरून कळेल.

सेन्सिटिव्हिटी वाढवून खोली वाढत नाही

हे पटायला जड जातं. लांबच्या लहान वस्तूकडून येणारा प्रतिसाद अंतराच्या सहाव्या घाताने कमी होतो. म्हणजे कॉइलच्या मानाने लांब असलेल्या अंगठीचं अंतर दुप्पट झालं की तिचा प्रतिसाद निम्मा नाही, जवळपास चौसष्टावा हिस्सा उरतो. सेन्सिटिव्हिटीचं बटण दोन घरं वर नेऊन ही दरी भरत नाही. वाढतो तो मातीचा आवाज, कारण माती कॉइलला चिकटूनच असते. त्यामुळे मशीन नुकतंच गप्प होईल एवढ्यापर्यंत सेन्सिटिव्हिटी खाली आणा आणि तिथून काम सुरू करा. गप्प मशीनचा एक क्षीण आवाज कानाला कळतो, ओरडणाऱ्या मशीनचा कळत नाही. हेडफोन लावा, वाऱ्यात स्पीकरवर काही ऐकू येत नाही.

मग कॉइल कोणती

आता मूळ प्रश्न. कॉन्सेंट्रिक कॉइलमध्ये एक गोल गुंडाळी बाहेर आणि एक आत असते. तिची पकड खाली जाताना निमुळती होते, वस्तू नेमकी मधोमध सापडते आणि हलक्या मातीत ती वस्तूचा प्रकारही चांगला सांगते. पण ती एका वेळी मातीचा मोठा घास घेते. डबल-डीमध्ये इंग्रजी डी अक्षराच्या आकाराच्या दोन गुंडाळ्या पाठीला पाठ लावून मध्ये थोड्या एकमेकींवर चढवलेल्या असतात. पकड फक्त त्या मधल्या पट्टीखाली, कोयत्याच्या पात्यासारखी उभी आणि अरुंद. एका वेळी माती कमी दिसते, म्हणून मातीचा आवाज कमी. सोलापुरात कॉन्सेंट्रिक कॉइल रानासाठी घेऊ नका, इतकं स्पष्ट सांगायला मला हरकत वाटत नाही. पंधरा-वीस किलोमीटरवर माती बदलणाऱ्या कोकणातल्या माणसाचा सल्ला वेगळा असू शकतो, आपला बेसाल्ट बार्शीपासून अक्कलकोटपर्यंत तोच आहे.

आकाराचा ढोबळ हिशेब असा की स्वच्छ जमिनीत नाण्याएवढी वस्तू साधारण कॉइलच्या व्यासाइतक्या खोलीपर्यंत सापडते. हा हिशेब ऐकूनच लोक पंधरा इंची कॉइल मागवतात. स्वच्छ जमीन हे शब्द मात्र विसरतात. पंधरा इंची कॉइल मातीही तितकीच जास्त बघते. शिवाय लहान वस्तू तिच्या मोठ्या क्षेत्रात हरवून जाते, वजनाने तासाभरात मनगट दुखतं आणि धसकटांत ती कधीच जमिनीला समांतर राहत नाही. मोठी कॉइल मोठ्या वस्तूसाठी आहे. रोटाव्हेटरचं पातं, नांगराचा फाळ, जमिनीत गेलेला लोखंडी पाइप, पाइपलाइनच्या व्हॉल्व्हचं झाकण. त्यासाठी जरूर वापरा.

दागिन्यासाठी पाच-सहा इंची किंवा नऊ-दहा इंची लंबगोल डबल-डी. लहान कॉइलचा दुसरा फायदा कचऱ्यात कळतो. द्राक्षाच्या किंवा डाळिंबाच्या बागेत जमिनीत जुन्या जीआय तारांचे तुकडे, खिळे, बाटल्यांची झाकणं पडलेली असतात. मोठ्या कॉइलखाली एका वेळी तीन-चार तुकडे येतात आणि मशीन पडद्यावर धातूचा अंदाज देणारा जो आकडा दाखवतं, तो त्यांचा मिळून एक भलताच येतो. लहान कॉइल त्यांना वेगळं करते. बागेत लोखंडी अँगल आणि ताणलेल्या तारांपासून मात्र दूर राहावंच लागतं. तारेखालची ओळ कोणत्याही कॉइलने नीट होत नाही, ती पिनपॉइंटरने, म्हणजे हातात धरायच्या काडीएवढ्या लहान डिटेक्टरने करा.

स्वतःच्या अंगावरचं लोखंडही तपासा. बुटातली लोखंडी टोपी, कमरेचा पट्टा, हातातलं खोरं. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली तेव्हा अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी शरीरातली गोळी शोधायला धातुशोधक यंत्र आणलं होतं. ते गोळी दाखवू शकलं नाही. पलंगाच्या गादीतल्या लोखंडी स्प्रिंगांनी घोळ केला असं सांगितलं जातं. यंत्र ज्यांनी बनवलं त्यांचं हे झालं.

फ्रिक्वेन्सीचा हिशेब

जास्त फ्रिक्वेन्सी म्हणजे जास्त चांगलं मशीन, हा समज काढून टाका. धातूच्या तुकड्यात डिटेक्टर भोवरी प्रवाह, म्हणजे भोवऱ्यासारखा गोल फिरणारा वीजप्रवाह, निर्माण करतो. जाड, चांगल्या वाहक वस्तूत, म्हणजे चांदीचा तोडा, तांब्याचा गडू, पितळेचं घंगाळ यांत हा प्रवाह हळूहळू मरतो. तिथे कमी फ्रिक्वेन्सी, साधारण ५ ते ८ किलोहर्ट्झ, उत्तम. बारीक, पातळ किंवा कमी वाहक वस्तूत प्रवाह लगेच मरतो. चमकी, बारीक कानातलं, लहान सोन्याचा मणी. त्यांना जागं करायला वरची फ्रिक्वेन्सी लागते.

म्हणूनच नैसर्गिक सोन्याचे कण शोधायची मशीन वरच्या टोकाला असतात. फिशर गोल्ड बग २ ची ७१ किलोहर्ट्झ, माइनलॅब गोल्ड मॉन्स्टर १००० ची ४५. खाली एस २५० ची ६.५, एस ४०० ची १०. मधल्या पट्ट्यात नोक्ता सिम्प्लेक्स १२, फिशर एफ-७५ १३, गॅरेट एटी प्रो १५, एटी गोल्ड १८. जाहिरातीत ७१ वाचून कुणी काळ्या रानात मंगळसूत्र शोधायला ते मशीन घेऊ नये. जितकी फ्रिक्वेन्सी वर, तितका चुंबकीय मातीचा आणि आजूबाजूच्या मातीहून वेगळ्या चुंबकीय दगडगोट्यांचा आवाज जास्त, शिवाय ओल्या मातीचाही. आपल्या कामासाठी १२ ते १८ चा पट्टा सोयीचा. एफ-७५ वर मातीतल्या मॅग्नेटाइटचा अंदाज दाखवणारी पट्टीही आहे, ती मला फार उपयोगी वाटते. रानाच्या कोणत्या कोपऱ्यात सेन्सिटिव्हिटी कमी करायची ते आधीच कळतं.

एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी सोडणारी मशीनही आहेत, उदाहरणार्थ माइनलॅब इक्विनॉक्स ८००. ते एकेरी ५, १०, १५, २० किंवा ४० किलोहर्ट्झवरही चालतं. परवडत असेल तर चांगलं आहे. विजेच्या लाइनखाली मल्टीवर ओरडायला लागलं तर एकेरी फ्रिक्वेन्सीवर टाकून पाहा, बऱ्याचदा गप्प होतं.

पल्स पद्धतीचं, म्हणजे क्षेत्र सतत न सोडता झटक्याझटक्याने सोडणारं, मशीन मॅग्नेटाइटकडे बऱ्याच अंशी दुर्लक्ष करतं, म्हणून कुणीतरी ते सुचवतंच. पण ते लोखंड आणि सोनं यांत धड फरक करत नाही. तारांच्या तुकड्यांनी भरलेल्या रानात दिवसभर तारा खणायची तयारी असेल तर घ्या. भाजलेल्या मातीत तेही बोलतं.

आणि एक, कॉइल आणि मशीन यांची जोडी जमावी लागते. कॉइल त्या मशीनच्या फ्रिक्वेन्सीला जुळवलेली असते. पिन बसली म्हणून दुसऱ्या कंपनीची किंवा दुसऱ्या फ्रिक्वेन्सीची कॉइल चालेल असं नाही. उलट माइनलॅब एक्स-टेरा ७०५ सारख्या मशीनमध्ये फ्रिक्वेन्सी कॉइलवर ठरते, ३, ७.५ किंवा १८.७५ किलोहर्ट्झची वेगळी कॉइल लावायची. ऑनलाइन कॉइल मागवताना मशीनचं पूर्ण नाव लिहून विचारा, "गॅरेटची द्या" म्हणून चालत नाही.

कांद्याच्या रानात जोडवं गेलंय

नेहमीचे दोन प्रसंग सांगतो. कांदा काढणीला आलेल्या बाईच्या पायातलं जोडवं रानात गेलं. चांदी आहे म्हणजे कमी फ्रिक्वेन्सीवर खणखणीत आवाज येईल असं वाटतं. येत नाही. जोडवं बोटाला बसावं म्हणून मागून उघडं असतं. अखंड कड्यात प्रवाह गोल फिरतो, तोंड उघडं असलं की फिरायला वाटच राहत नाही. त्यामुळे चांदीचं असूनही ते मशीनवर खालचा, फॉइलच्या तुकड्यासारखा आकडा दाखवू शकतं. अशा वेळी वरचेच आकडे खणायचे ठरवलंत तर जोडव्यावरून तीन वेळा पुढे जाल.

मंगळसूत्राचं तसंच. काळे मणी काचेचे, ते दिसणारच नाहीत. बारीक साखळीची प्रत्येक कडी मशीनला वेगळी, इवलीशी वस्तू वाटते. कड्या एकमेकींना सैल टेकलेल्या असतात, प्रवाह एकीतून दुसरीत नीट जात नाही. दोन तोळ्यांची साखळी लहानशा अंगठीपेक्षा क्षीण बोलते ती यामुळे. आवाज देतात त्या वाट्या. म्हणून शोध वाट्यांचा करायचा. १५ किलोहर्ट्झच्या आसपास, लहान कॉइल, जमिनीला जवळजवळ घासून, अगदी सावकाश. कांद्याची पात आणि तण आधी हाताने बाजूला काढा. दोरी बांधून पट्टे पाडा, प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर निम्मा चढवा, मग तेच रान आडवं.

सुरुवात करण्याआधी मात्र त्याच घडणीचं दुसरं जोडवं, पायातल्या जोडीतलं, घ्या. त्याला लांब दोरा बांधा, दोऱ्याचं टोक काडीला गुंडाळा, आणि त्याच रानात चार बोटं मातीखाली ठेवून त्यावरून कॉइल फिरवा. आकडा किती, आवाज कसा, ते ऐका. हा नमुना पुस्तकातल्या कोणत्याही तक्त्यापेक्षा खरा, कारण माती तुमची, ओल तुमची, वस्तू तीच. दोरा विसरू नका, नाहीतर जोडी पूर्ण होईल, पण मातीत.

नमुन्यासाठी खिशातलं एक किंवा दोन रुपयांचं नाणं घेऊ नका. हल्लीची ही नाणी चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलची असतात. लोखंड वगळायचं सेटिंग चालू असेल तर मशीन त्यांच्याकडे सरळ दुर्लक्ष करतं आणि माणूस मशीन बंद पडलं समजून दुकानात येतो. पाच रुपयांचं पिवळं नाणं निकेल-पितळेचं आहे, ते चालेल.

खणलं आणि आवाज गेला

खड्डा खणायला लागल्यावर आवाज नाहीसा झाला तर आधी बाहेर काढलेल्या ढिगावरून कॉइल फिरवा, वस्तू बहुधा तिथेच असते. काळी माती चिकट, ढेकळाच्या पोटात अंगठी गेली तर डोळ्यांना दिसत नाही. ढेकूळ हातात फोडा. ढिगातही नसेल तर गंजलेला खिळा असण्याची शक्यता मोठी. वर्षानुवर्षं गंजून आजूबाजूच्या मातीत पसरलेला, खोऱ्याने हलवला की भुगा होऊन विखुरला. उभं-आडवं दोन्ही बाजूंनी ऐकण्याची सवय नसेल तर तिसरं कारण भेग किंवा दगड.

पावसाळ्याबद्दल दोन शब्द. ओल्या मातीत वस्तूचा आवाज बरा येतो असा अनुभव सांगतात, पण ओली काळी जमीन स्वतः वाहकही असते आणि वरची फ्रिक्वेन्सी तिथे नाराज होते. चिखलात जाऊच नका, कॉइल सरकतही नाही. वाफसा आला की जा. भेगा मिटलेल्या असतात, ढेकूळ हाताने फुटतं, धसकटं कुजलेली असतात. वर्षातला हा काळ सगळ्यात सोयीचा.

शेवटी, "वीस फूट खोल सोनं, दिशा दाखवणाऱ्या दोन काड्या" असल्या यंत्रांच्या जाहिराती सोलापूरच्या मोबाईलवर भरपूर फिरतात. लांबून सोनं ओळखणारी ती यंत्रं डिटेक्टर नव्हेतच. वर सांगितलेला सहाव्या घाताचा हिशेब त्यांनाही चुकत नाही. त्यांच्यासाठी कॉइल किंवा फ्रिक्वेन्सी विचारू नका.

आणि शोधताना स्वतःच्या रानात जुनी नाणी किंवा दागिन्यांचं गाडगं लागलंच, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं सापडलेलं धन जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. दुसऱ्याच्या रानात मालकाला विचारल्याशिवाय मशीन काढू नका. भुईकोट किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, त्या आवारात मशीन घेऊन फिरणं किंवा उकरणं हा प्रकार करूच नका.